काळ्या कापडाखाली आई

आज छत्रीचं काळं कापड उन्हात तापलं आणि त्या वासासरशी मी मनानं लहानपणीच्या, आमच्या निंबोला गावाजवळच्या पडक्या देवळात जाऊन पोहोचले.

आमचं राज्य नुकतंच बदललं होतं. राजधानी म्हणून नागपूर सुटून भोपाळ आलं होतं, आणि तिकडून एक फोटोग्राफर तिपाईवरचा, मागे काळं कापड लावलेला कॅमेरा घेऊन देवळाचे फोटो काढायला आला होता. खांबाची उंची कळावी म्हणून त्याला शेजारी माणूस हवं होतं. फोटोनं आयुष्य घटतं म्हणत सगळ्या बाया मागे सरल्या. कापूस वेचून परतणारी माझी आई मात्र पुढे झाली.

"उभी राहते साहेब, पण आधी मले पाहू द्या, त्या कापडाखाली काय दिसते?"

तो हसून बाजूला झाला. आई पदरासकट कापडात शिरली आणि आतूनच ओरडली, "अवं माय, काचेत देऊळ उलटं! ये पोरी, तू बी पाह!"

मला आत ओढायला तिनं हात बाहेर काढला. बाया हसत होत्या. मी लाजेनं लांब पळाले. मग आई खांबाशी ताठ उभी राहिली.

तो फोटो आम्हाला कधी मिळाला नाही. तेव्हा आई जेमतेम पंचविशीची, म्हणजे पोरगीच होती, हे आता कळतं. उलटं देऊळ कसं दिसतं, ते मात्र मला अजून ठाऊक नाही.