बोटीचा मोडका पर घेऊन दिंडोरीला

मागच्या खेपेला सांगितलं होतं, धरणावर येताना टोपी आणा. ते वाचून तुमच्यातले दोघं आले, दोघंही उघड्या डोक्याने, आणि त्यातला एक जाताना चपलाही विसरून गेला. पडवीत ठेवल्यात, डाव्या चपलेचा अंगठा तुटलाय. तेव्हा आता नीट ऐका. मी बोलते, माझी नात पल्लवी कॉम्प्युटरवर उतरवते. मला अक्षर येत नाही, पण लक्षात राहतं. तुमचं उलटं आहे.

माझा मुलगा भास्कर गंगापूर धरणात लोकांना बोटीतून फिरवतो. बोट जुनी, मुंबईच्या एका साहेबांकडून घेतलेली. इंजिन तिच्या पोटात आणि मागे पाण्यात उतरणारा एक जाड पाय. त्या पायाला पंखा आणि पंख्याखाली माशाच्या परासारखं अ‍ॅल्युमिनियमचं पातं. मेकॅनिक त्याला स्केग म्हणतात, मी पर म्हणते. तळाला काही लागलं तर मार तो खातो, पंखा वाचतो. बोट सरळ चालते तीही त्याच्याच जिवावर. एप्रिलात पाणी उतरलं आणि धरणात बुडालेल्या आमच्याच जुन्या विहिरीच्या काठावर तो आपटला. अर्धा पर पाण्यात गेला. बोट मारक्या बैलासारखी एकाच अंगाला ओढायला लागली.

नवा पाय मागवायचा तर तेवढ्या पैशांत दुसरी जुनी बोट येईल असं कळलं. भास्करने भंगारवाल्याला शुक्रवारी बोलावलं आणि एका कंपनीत वॉचमनची जागा बघून आला. बारा वर्षं पाण्यावर काढलेला माणूस, फाटकाशी स्टुलावर बसणार. मी म्हटलं, शुक्रवारला चार दिवस आहेत, तोवर पाय काढ आणि टेम्पोत घाल. मी पण येते.

सोमवारी सातपूर. सगळा कारखान्यांचा भाग, रस्ता चांगला, पण जेवणाच्या सुट्टीत जाऊ नका, कोणी डब्यावरून मान वर करत नाही. पहिला वेल्डर म्हणाला, लोखंड असतं तर केलं असतं. दुसऱ्याने पट्टी जोडून दिली, ती थंड होता होताच निखळली. आत पापडासारखे फोड. बिचाऱ्याने पैसे घेतले नाहीत, उलट पत्ता दिला, दिंडोरीचे युसुफभाई, द्राक्षवाल्यांच्या फवारणी यंत्रांचे तुटके भाग जोडतात. येताना मिसळ खाल्ली, वरचे दोन पाव पंधरा रुपयांत. तर्री जास्त मागू नका, मी मागितली होती.

मंगळवारी सकाळी पंचवटीतून निघालो. भाजीबाजाराच्या हातगाड्या लागायच्या आत तो भाग ओलांडा, नाहीतर तिथेच दहा वाजतात. पुढे तासाभराची वाट. बागांची खरड छाटणी चालू होती, वेली नुसत्या खुंटासारख्या उभ्या. भास्कर त्यांच्याकडे बघत गाडी हाकत होता.

युसुफभाई माझ्याहून थोडे लहान असतील. त्यांनी मोडक्या परावर अंगठा घासला, नाकाशी नेला.

“आजी, याला तेल कोण पाजतं?”

भास्करने माझ्याकडे पाहिलं. आता लपवून काय करता? दर अमावास्येला बोट काठावर ओढली की त्या पराला मी तेल-शेंदूर लावते. पाण्यात सात आसरा, पाण्याच्या देवी, राहतात, त्यांच्या घरात पोरगा रोज फिरतो, त्यांना सांगून ठेवायला नको? युसुफभाईंनी समजावलं की हे तेल धातूच्या बारीक छिद्रांत मुरलंय, ताप दिला की त्याचा धूर होतो आणि धूर जोड फोडून बाहेर येतो. म्हणजे सातपूरचे फोड माझे होते.

त्यांनी तारेचा ब्रश माझ्यापुढे धरला. “तुमचा देव हाय. मी नाय खरवडणार. तुम्हीच उतरवा.”

मी मनात म्हटलं, बायांनो, घटकाभर खाली बसा, पोराचं काम आहे. आणि खरवडलं. ते तापवायचे, धूर निघायचा, मी पुन्हा घासायची. तिसऱ्या वेळी पातं नव्या भांड्यासारखं निघालं.

मग अडलं आकारावर. हरवलेला अर्धा भाग कसा होता? भास्करने पुठ्ठा सरळ कापला. मी म्हटलं, असा नाही. बारा वर्षं माझा तळहात फिरलाय त्याच्यावर. इथे पोट येतं आणि मागची कड किंचित डावीकडे झुकते. युसुफभाईंनी हातात खडू दिला. आयुष्यात पहिल्यांदाच धरला. पत्र्यावर रेघ ओढली, डोळे मिटूनच. त्यांनी ती उरलेल्या खुंटाला लावून पाहिली.

“आजी बरोबर हाय, भास्करभाऊ. झुकाव हितूनच सुरू झालाय.”

“जिने बिघडवलं तिलाच ठाऊक,” भास्कर म्हणाला. दोन दिवसांत पहिल्यांदा हसला.

पायाला ओलं गोणपाट गुंडाळलं, आतली रबरं जळू नयेत म्हणून. बोटभर जोडायचे, थांबायचे, निवलं की पुन्हा. त्या उजेडाकडे बघू नका म्हणाले, म्हणून मी पाठ करून बसले आणि त्यांच्या शेजारणीकडून दिंडोरीतली सगळी लग्नं ऐकून घेतली. मजुरी रास्त घेतली. निघताना म्हणाले, शेंदूर लावायचाच तर बोटीच्या नाकाला लावा, तिथे जोड नाय.

गुरुवारी बोट पाण्यात उतरवली. मधोमध गेल्यावर भास्करने स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले आणि मला दाखवले. बोट सुतात चालली. शुक्रवारी भंगारवाला आला, त्याला एक फेरी मारून आणली आणि चहा पाजून परत पाठवला.

आता अमावास्येला मी शेंदूर बोटीच्या नाकाला लावते. पराला नुसता हात लावते, जोडावरून. गुळगुळीत नाही तो, बोटाला कळतो. त्या अनोळखी माणसाने माझा देव मलाच उतरवायला दिला, आणि मुलगा माझा पाण्यावर राहिला.

तुमच्यापैकी कोणी दिंडोरीच्या बाजूला जाणार असेल तर आधी माझ्याकडे या. चपलावाल्याने तर यावंच. युसुफभाईंना नागलीचे पापड पाठवायचेत, दोन डझन, पुडा बांधून तयार आहे. कच्चेच न्या, भाजून नको. विस्तव त्यांच्याकडे आहे.