बिनमटणाचा नाताळ

आमच्या घरी नाताळ भांडणानं सुरू होतो. डिसेंबरातल्या पहिल्या रविवारी उपासना आटोपली की सगळे थेट आमच्या कसबा बावड्याच्या घरी येतात. चहा होतो, कांदाभजी होतात आणि मग बैठक बसते. करंज्या कुणी लाटायच्या, केक कुठल्या बेकरीत भाजायला न्यायचा, चांदणी कुठल्या रंगाची लावायची, कॅरोलवाली पोरं आली की त्यांना काय द्यायचं, ह्या एकेका गोष्टीवर असा आवाज चढतो की रस्त्यानं जाणाऱ्याला वाटावं, इथं वाटणी चालली आहे. मला ही बैठक जाम आवडते. नोव्हेंबर संपत आला की माझ्या अंगात येतं, आणि मग घरात कुणाची धडगत नसते.

बैठकीत सगळ्यात मोठा आवाज माझ्या थोरल्या दिरांचा. ते शिवाजी पेठेत राहतात, फुटबॉलच्या मॅचला ओरडून ओरडून त्यांचा गळा कायमचा बसलेला, तरी आमच्यात मोठा आवाज त्यांचाच. नाताळचं मटण त्यांच्याकडे. सासऱ्यांनंतर परसातली चूल त्यांच्या हाती आली, आणि तेव्हापासून आमच्या परसात नाताळच्या सकाळी दुसऱ्या कुणी डाव धरलेला नाही. पहाटे दुकानासमोर रांगेत उभं राहून मटण आणायचं, आधी त्याचं आळणी पाणी काढायचं, मग त्यातून पांढरा रस्सा, तांबडा रस्सा आणि सुकं. चर्चमधून आलो की गल्लीच्या तोंडालाच वास येतो. आमच्या मुलांना विचारलं की नाताळ म्हणजे काय, तर ती गव्हाणीतल्या बाळाआधी पांढरा रस्सा म्हणायची. पाळकसाहेबांसमोर म्हणाली होती एकदा, मेल्यांनी मला खाली बघायला लावलं.

तर यंदाच्या बैठकीत चांदणीवरून वाद रंगात आला असताना आमची सून हळूच म्हणाली, "मम्मी, अप्पा येतो म्हणालेत. नाताळला. जेवायला."

भज्याची परात फिरत होती, ती जागच्या जागी थांबली.

का, ते सांगते. आमची सून निपाणीकडची, लिंगायत घरातली. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत माझा मुलगा आणि ती एकाच कारखान्यात कामाला होती, तिथं जमलं. तीन वर्षांपूर्वी रजिस्टर लग्न झालं. तिचे अप्पा लग्नाला आले नाहीत. पुढे वर्षभरानं एक दिवस गेटाशी येऊन उभे राहिले, खांद्यावर गुळाची ढेप. ऊसवाले शेतकरी, खताच्या, बियाण्याच्या कामानं कोल्हापूरला येतात. तेव्हापासून दर खेपेला ते येतात, गेटाबाहेर उभे राहतात, पोरीला डोळे भरून बघतात, पिशवी देतात आणि "बस हाय" म्हणून निघतात. ही प्रत्येक वेळी धावत जाऊन चहा टाकते. ते गेले की तो चहा ओट्यापाशी उभी राहून एकटीच पिते. मी बघितलंय ते. एकदा नाही, दर वेळी.

कुणी काही बोललं नाही तरी घरात सगळ्यांना ठाऊक होतं, पोरीला काय पाहिजे. दागिना नको, साडी नको. बापानं आपल्या घरात येऊन एक घास खावा, एवढंच. आणि आता तो माणूस स्वतःच्या तोंडानं येतो म्हणाला होता, तेही नाताळला!

मला तर आनंदानं सुचेना. मी तिथल्या तिथं हुकूम सोडला. यंदा नाताळात मटण नाही. अंडं नाही. भांडी नवीन आणायची, डाव नवीन, झारा नवीन, परसातली चूल पेटवायची नाही. जेवण पूर्ण शाकाहारी.

थोरले दीर माझ्याकडे असे बघत राहिले की जणू मी चर्चला कुलूप लावा म्हटलं. म्हणाले, मग नाताळ कशाला म्हणता, संकष्टी म्हणा की. आमच्या ह्यांनी भजं खाली ठेवलं. मुलगा बिचारा दोन्हीकडून गेला, बाप आणि काका एकीकडे, बायको आणि आई दुसरीकडे. सूनच म्हणाली, मम्मी, असं नका करू, अप्पा काही म्हणणार नाहीत. मी तिलाही गप्प केलं. म्हटलं, तुला काय कळतंय, माणूस तीन वर्षांनी उंबरा ओलांडणार आणि पहिला वास त्याच्या नाकात मटणाचा जाणार होय? एकदा माझं ठरलं की ठरलं. दीर पायात चपला सरकवून तरातरा निघून गेले. जाऊ दे म्हटलं, रुसू दे.

मग जी धांदल उडाली! शेजारच्या काकी दिवाळीत मला हाक मारतात आणि नाताळात मी त्यांना. त्यांच्याकडचं पोळपाट-लाटणं आमच्याकडे आलं, माझ्या चकलीच्या सोऱ्याला त्यांनी तेल लावलं, आणि दोन दिवस आमच्या सोप्यात करंज्या, चकल्या, शंकरपाळ्या, रव्याचे लाडू. काकींची जीभ हातापेक्षा जोरात चालते, पण करंजीची मुरड घालावी तर त्यांनीच. नानकटाईचं सामान डब्यात भरून बेकरीत दिलं. नाताळच्या आधी बेकरीच्या भट्टीसमोर डब्यांची अशी रांग लागते की आपला डबा ओळखायला खुणा कराव्या लागतात. आमच्या डब्याला लाल चिंधी.

केकनं मात्र मला रडवलं. आमचा केक सासूबाईंच्या पद्धतीचा. साखर जाळून काळी करायची, मनुका आणि संत्र्याच्या साली रसात मुरवायच्या, आणि अंडी मोजून नाही, हात आखडता न घेता घालायची. आता अंडंच नाही म्हटल्यावर काय? पहिला केक भट्टीतून आला तो असा की त्याच्यावर वाटण वाटावं. आमच्या ह्यांनी तो हातात धरून वजन केलं आणि तसाच परत ठेवला. दुसऱ्यात दही घातलं, सोडा वाढवला, आणि भट्टीवाल्याला बजावून आले की घाई करायची नाही. तो फुलला. मी भट्टीसमोरच नाचले असते, पण लोक होते.

सून तर वेगळीच झाली होती त्या दिवसांत. तीन वर्षांत मी तिला असं बघितलं नव्हतं. कामावरून यायची, पर्स टाकायची आणि थेट शेंगदाणे भाजायला घ्यायची. त्यांच्याकडं सणाला शेंगापोळी लागतेच लागते. भाजलेल्या दाण्याचं कूट, गूळ, वेलदोडा, आणि पोळी अशी पातळ की पलीकडचं दिसावं. शेंगाची चटणी झाली, कडक भाकरी झाल्या. स्वतःशीच गुणगुणायची. मध्येच थांबून विचारायची, मम्मी, येतील ना? मी म्हणायची, येतील गं. पण रात्री पाठ टेकली की माझ्याही मनात यायचं, समजा, गेटापाशीच उभे राहिले तर?

नाताळच्या दिवशी उपासना लांबली, मी मेली देवाच्या घरात बसून घड्याळ बघत होते. घरी येऊन पातेली गरम केली, नवी ताटं मांडली, नवी लाल चांदणी वाऱ्यावर गरगर फिरत होती. शेजारच्या परसातून मटणाचा वास येत होता. काकींकडं आज पाहुणे असतील म्हटलं, आणि खिडकी लावून घेतली.

ते आले. पांढरंशुभ्र धोतर, सदरा, टोपी, हातात पिशवी. गेटापाशी आले आणि थांबले. सून दारात उभी होती. मग त्यांनी चपला काढल्या आणि चालत आत आले. असे आले की जणू रोजच येतात.

हातपाय धुतले आणि लेकीकडं बघितलं. तिला बरोबर कळलं. तिनं खिडकीजवळ घोंगडी अंथरली, तांब्याभर पाणी ठेवलं. गळ्यातलं लिंग त्यांनी डाव्या तळहातावर घेतलं आणि पूजा केली. आम्ही सगळे उभे, रुसवा सोडून आलेले थोरले दीरही. पूजा झाल्यावर आमच्या ह्यांनी जेवणाआधीची प्रार्थना केली, तेव्हा तेही हात जोडून आमच्यात उभे राहिले. मी पटकन डोळे मिटले म्हणून बरं, नाहीतर पाणी दिसलं असतं.

पाटावर बसले. सून वाढायला लागली. शेंगापोळी, तूप, भरलं वांगं, डाळीची आमटी, केकचा तुकडा. त्यांनी आपल्या ताटाकडं बघितलं, मग शेजारच्या ताटाकडं, मग पलीकडच्या. मग मला विचारलं, आज तुमच्यात मटण असतंय न्हवं? मी मोठ्या ऐटीत सांगितलं, असतंय, पण यंदा तुमच्यासाठी बंद केलं, पावणं.

त्यांचा चेहरा उतरला. ताटावरचा हात मागं घेतला.

"माझ्यापायी सण मोडलासा?" ते म्हणाले. "मग मी हितं जेवायचं कसं? आज तुम्ही हसत बसशीला. पण मनात ऱ्हाणारच की, ह्या म्हाताऱ्यानं आमचं तोंड बांधलं. मी काय, सांजच्याला जातोय. माझ्या पोरीला हितं ऱ्हायाचं हाय."

आणि उठले.

इतक्या हौसेनं केलेलं सगळं एका वाक्यात मातीत गेलं. चुकलं होतं माझं, आणि बरोबर होता तो माणूस. सुनेच्या हातात आमटीचं पातेलं तसंच, आणि तोंड पांढरं फटक. ते टोपी उचलायला वाकले.

तेवढ्यात थोरल्या दिरांनी घसा साफ केला. बसलेल्या आवाजात म्हणाले, पावणं, जरा थांबा. मटण हाय.

मी गर्रकन वळले. दीर माझ्याकडं बघेनात, भिंतीकडं बघत बोलायला लागले. पहाटेच मटण आणलं होतं. चूल काकींच्या परसात पेटली होती. काकी सामील, आमचे हे सामील, माझा मुलगासुद्धा सामील! ठरलं असं होतं की आमच्यात पंगत उठली की हे तिघं फिरून येतो म्हणून सटकणार आणि काकींच्या परसात बसणार. मी खिडकी लावून बसले होते, पण कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहतंय होय? मी डोक्यात अशी राख घालून घेतली की विचारू नका. नवरा, पोटचा मुलगा आणि दिवाळीपासून माझ्या पिठात हात घालणारी ती काकी! आणि त्याच क्षणाला असं वाटलं, ह्या सगळ्या लबाडांच्या पाया पडावं.

आधी अप्पाच हसले. हळूहळू हसू वाढत गेलं, टोपी हातातच राहिली. म्हणाले, "आणा की मग. तुमचं तुमच्या ताटात, माझं माझ्या ताटात. माझ्या रानात माणसं माझ्यासमोर खात्यात, मला काय त्याचं?"

पातेली भिंतीवरूनच आली. पलीकडून काकी देत होत्या, अलीकडून माझा मुलगा घेत होता, आणि काकी माझी नजर चुकवून मला सांगत होत्या की मीठ मी बघितलंय, बरोबर आहे. अप्पांचा पाट सुनेनं खिडकीजवळ घेतला, त्यांचं वाढायचं नवं पातेलं वेगळं ठेवलं. दिरांनी पांढऱ्या रश्शाची वाटी तोंडाला लावली आणि डोळे मिटले. घरात एकदम नाताळ आला. सगळे एकाच वेळी बोलायला लागले.

अप्पा जेवायला लागले. भाकरी मोडली, चटणी घेतली, वांगं संपवलं. केकचा तुकडा उलटसुलट बघून खाल्ला आणि मला विचारलं, हे काळं कशानं झालंय? मी साखर जाळायची रीत सांगितली, तर म्हणाले, गुळाचं करून बघा पुढल्या टायमाला, आमच्या घाण्याचा देतो. मी तिथंच ठरवून टाकलं.

मग ते लेकीकडं वळले. ती पाटाशेजारी वाकून उभी होती. आवाज खाली आणून तिच्याशी बोलले, पण मी जवळच होते, मला ऐकू आलं.

"पयल्या वर्षी राग हुता, बाळ. मग राग गेला. पण इतक्या येळा गेटातनं परत गेलतो की आता आत कसं यायचं, ह्याची लाज वाटाय लागली. राग गेला आणि लाज ऱ्हायली, बघ."

तिनं न विचारता आणखी एक शेंगापोळी त्यांच्या ताटात वाढली, वर तुपाची धार सोडली आणि सोडतच राहिली. तूप ताटाच्या काठाला आलं. अप्पांनी हात आडवा धरला नाही.