धाकट्या जावेचं नाक

देवराज मोहल्ल्यातल्या आमच्या शिलाईच्या दुकानात मी आणि माझी धाकटी जाऊ शेजारी शेजारी मशिनीवर बसायचो. कापडाची धूळ उडाली की दोघींना शिंका. एकीच्या थांबेपर्यंत दुसरीच्या सुरू. शेवटी एकाच डॉक्टरीणबाईंनी दोघींना नाकात मारायचा सारखाच स्प्रे लिहून दिला.

महिन्याभरात जाऊ बरी झाली. मी होते तशीच.

एकदा जेवताना ती म्हणाली, "अक्का, आज सारात हिंग जास्त झालाय, अल्वा? हो ना?" मला हिंगच काय, करपलेला भातही कळत नव्हता. त्या दिवसापासून सासूबाई चव बघायला तिला हाक मारू लागल्या. इतकी वर्षं मला हाक मारायच्या. माझा नुसता जळफळाट. हिलाच बरी बाटली मिळाली, असं डोक्यात बसलं.

"बाटल्या बदलू या," मी म्हटलं.

"घ्या की," म्हणत तिने लगेच काढून दिली. माझी बाटली घेऊनही ती मजेत, आणि तिची घेऊन मी शिंकतेच आहे! आता तर तिचं तोंडही बघवेना.

शेवटी डॉक्टरीणबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं. बाटल्या बदलल्याचं ऐकून त्या रागावल्या. "एकमेकींच्या बाटल्या नाकात घालतात का? कसा मारता, दाखवा." मी मान मागे टाकून जोरात ओढला. कडू औषध घशात उतरलं.

"सगळं पोटात गेलं. आणि मारता कधी?"

"शिंका आल्या की."

"अय्यो! हे तेवढ्यापुरतं नाक उघडणारं औषध नाही. धूळ गेली की नाकाच्या आतली कातडी आरडाओरडा करते, मग सूज येते, पाणी सुटतं. हे औषध त्या कातडीत शिरून तो आरडाओरडाच कमी करतं. त्याला दिवस लागतात. म्हणून शिंक असो नसो, रोज मारायचं. मान जरा पुढे, नळीचं टोक बाहेरच्या बाजूला, कानाकडे. मधल्या पडद्यावर नको. श्वास हळू."

जाऊ पहिल्यापासून अगदी तसंच करत होती. मला तिने विचारलंही होतं, "दाखवू का, अक्का?" मी म्हटलं होतं, मला येतं.

नवी बाटली घेऊन स्प्रे रोज तसाच मारू लागले. दोनेक आठवड्यांनी एका सकाळी बाजारातून येताना मल्लिगेच्या फुलांचा वास आला. घरी येऊन सांगितलं, तर जाऊ टाळ्या पिटत सासूबाईंकडे धावली. तिला माझा जराही हेवा वाटला नव्हता. मला त्याचाही हेवा वाटला.