नववा आवाज

आणीबाणी उठल्यानंतरच्या हिवाळ्यात आमच्या इंजिनिअर कंपनीची एक तुकडी महाप्याच्या डोंगराशी आली. रस्त्यासाठी कातळ फोडायचा होता. आम्ही बावीस जण. मी हवालदार, गाव सातारा जिल्ह्यात, नोकरी सोळा वर्षांची. नवी मुंबई तेव्हा जमिनीवर कमी आणि नकाशावर जास्त होती. ठाणे-बेलापूर रस्त्याला कारखाने, पलीकडे खाडी, आणि वाशीला नुकत्याच उभ्या राहिलेल्या काही इमारती.

लान्स नायक शमुवेल पगारे माझा नंबर टू. नगरकडचा मराठी ख्रिस्ती. वडील मिशनच्या शाळेतून मास्तर म्हणून रिटायर झालेले, आणि दोघं म्हातारे वाशीच्या नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलेले. पोरगा घराजवळ पोस्टिंगला आला म्हणून ती दोघं खूश होती. शमुवेल दर रविवारी आउटपास घेऊन उपासनेला जायचा आणि तीनच्या ठोक्याला परत यायचा. नाताळात त्यानं मलाही घरी नेलं. त्याच्या आईनं करंज्या वाढल्या, वर डबा भरून दिला.

काम रोजचं ठरलेलं. सातला ड्रिल मशीन सुरू, अकरापर्यंत भोकं तयार, मग ती भरायची. प्रत्येक सुरुंगाची वात वेगळ्या लांबीची, म्हणजे सुरुंग एकामागून एक उडतात आणि आवाज मोजता येतात. मोजणारे दोघे, एक सीनियर, एक ज्युनियर. दोघांनी आपापलं मनात मोजायचं. आकडे जुळले तरच ऑल क्लिअर. नाही जुळले तर अर्धा तास कोणी जागचं हलायचं नाही. आणि जो ऑल क्लिअर देईल, त्यानंच आधी एकट्यानं पुढे जाऊन बघायचं. हा नियम मी कितीतरी पोरांना घोकून घेतला होता.

चहाच्या सुट्टीत मी शमुवेलला छेडायचो. मी चार्जशीट आणि शिक्षेवर वाढलेला माणूस. एकदा विचारलं, तुमच्यात तारण मिळतं ते कशानं? तो म्हणाला, चांगल्या कामांनी नाही, देवाच्या कृपेनं. आपली शिक्षा येशूनं आधीच भोगली आहे, माणसानं फक्त त्याच्यावर विश्वास ठेवायचा. मी म्हणालो, असं सरसकट माफ करायला लागलं तर उद्या पलटणीत कोणी बूटसुद्धा पॉलिश करणार नाही. पोरं हसली. तोही हसला. मग म्हणाला,

"उस्ताद, माफी मिळावी म्हणून नीट वागायचं नसतं. मिळाली म्हणून वागायचं असतं."

मला ते काही पटलं नाही. कामचुकारांची सोय वाटली.

जानेवारीतला गुरुवार होता. साडेबाराला सीओ साहेब पाहणीला येणार होते आणि त्याआधी दगड हलवायचे होते. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदाच कातळाच्या दुसऱ्या अंगाला सुरुंग लावले. समोर जुन्या, बंद पडलेल्या दगडखाणीची उभी भिंत होती. तिच्यावर आपटून आवाज परत येईल आणि एकाचे दोन ऐकू येतील, हे माझ्या डोक्यात यायला हवं होतं. नाही आलं.

नऊ सुरुंग. साडेअकराला वाती पेटवल्या आणि आम्ही आडोशाला आलो. अकरा अडतीसला शेवटचा आवाज झाला. रेडिओवर मागून कॅप्टन साहेबांचा आवाज आला.

"किती? ओव्हर."

"नऊ, सर. ऑल क्लिअर. ओव्हर."

शमुवेलला विचारायच्या आधीच मी बोलून बसलो. तो माझ्याकडे बघत होता.

"उस्ताद, माझे आठच भरले."

दिलेला शब्द रेडिओवर परत घ्यायचा म्हणजे सगळ्या तुकडीनं ऐकलं असतं. सोळा वर्षांत मी तसं कधी केलं नव्हतं. झोपला होतास का, नऊ झालेत, असं मी म्हणालो. तो "येस, उस्ताद" म्हणाला. कॅप्टन साहेब पुढचं विचारत होते, हँडसेट माझ्या कानाला होता. शमुवेलनं माझ्या हातातला लाल झेंडा घेतला. मी बघून येतो, म्हणाला. मी मान हलवली.

अकरा एक्केचाळीसला नववा सुरुंग उडाला.

ज्यानं आठ मोजले तो पुढे का गेला, हे मला आजही नीट सांगता येत नाही. नियमानं जायचं होतं मी.

कोर्ट ऑफ इन्क्वायरी दोन दिवस चालली. मला विचारलं, मोजणी जुळली होती? मी म्हणालो, येस सर. पुढे जायची परवानगी दिली होती? मी म्हणालो, नो सर. निष्कर्ष निघाला की लान्स नायक पगारे स्वतःच्या घाईनं, हुकमाविना पुढे गेले. तेच पत्र मास्तरांच्या घरी गेलं. मला साधी ताकीदही मिळाली नाही.

पुढे मी रिटायर झालो, महाप्याच्याच एका कारखान्यात सिक्युरिटीला लागलो आणि वाशीत बिऱ्हाड केलं. एव्हाना तिथलं कांदा-बटाट्याचं घाऊक मार्केट सुरू झालं होतं, कांद्याचे ट्रक रस्त्याला लागलेले असायचे. मास्तर तिथंच भाजीला यायचे. दिसले की मी दुसऱ्या गाळ्याकडे वळायचो. एकदा त्यांनी गाठलंच. शमुवेल तुमच्याबद्दल फार बोलायचा, म्हणाले, नाताळला या. पिशवीतली दोन संत्री त्यांनी माझ्या हातात ठेवली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढच्या रविवारी मी दोन पानी जबाब लिहिला, खाली सही केली आणि दुपारी त्यांच्याकडे गेलो. मास्तरांनी तो चष्मा लावून दोनदा वाचला. शमुवेलच्या आई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. मास्तरांनी त्यांना थोडक्यात सांगितलं. त्या आत गेल्या आणि दार लोटून घेतलं. मी म्हणालो, हा कागद वर पाठवा, मला काय व्हायची ती शिक्षा होऊ दे, म्हणजे मी तुमच्यापुढे मोकळा होईन.

मास्तरांनी कागदाची घडी घालून माझ्यासमोर ठेवली. मग म्हणाले,

"हवालदार, कोणाच्या तरी हातून चूक झाली असणार, हे मला त्याच आठवड्यात कळलं होतं. माझा पोरगा घाई करणारा नव्हता. नाव माहीत नव्हतं. त्या बिननावाच्या माणसाला मी तेव्हाच माफ केलं. सोपं नव्हतं. रोज सकाळी नव्यानं करावं लागायचं. तुम्ही आज सांगितलंत म्हणून मिळालेली ही माफी नाही. ती होतीच. तुम्ही घ्यायला आज आलात."

मी विचारलं, मग या कागदाचं काय करायचं?

"ते तुम्ही ठरवा. आमच्याकडून सुटायला त्याची गरज नाही."

घरी आलो आणि बायकोसमोर पोरासारखा रडलो. शिक्षा मागायला गेलो होतो, तीच मिळाली नव्हती. शमुवेलचं चहाच्या वेळचं बोलणं मला तेव्हा समजलं. सोमवारी सकाळी मी तो जबाब रजिस्टर पोस्टानं आमच्या पलटणीच्या सेंटरला पाठवला. मला कोणी पाठव म्हटलं नव्हतं.

मी ख्रिस्ती झालो नाही. शनिवारी मारुतीला जातो. पण रविवारी दुपारी मास्तरांकडेही जाऊ लागलो. आई माझ्यापुढे चहा ठेवायच्या आणि आत जायच्या. वर्ष उलटून गेलं, एक शब्द बोलल्या नाहीत. मला त्याचं वाईट वाटायचं, राग मात्र कधी आला नाही.

मग सेंटरचं पत्र आलं. आधीचा निष्कर्ष बदलला होता. चूक हवालदाराची, लान्स नायक पगारे निर्दोष. माझी नोकरी संपलेली असल्यानं माझ्यावर पुढची कारवाई नव्हती. मास्तरांनी पत्र मोठ्यानं वाचलं. शमुवेलचा युनिफॉर्ममधला फोटो भिंतीवर होता. आई या वेळी आत गेल्या नाहीत. माझ्यासमोरच्या खुर्चीवर बसल्या.

"त्यानं किती मोजले होते?"

"आठ," मी म्हणालो.

त्यांनी फोटोकडे पाहिलं.

"शाळेतसुद्धा त्याचं गणित कधी चुकायचं नाही."