रीळ संपलं, अक्का

हल्ली शूटिंगचं नाव काढलं तरी मला कंटाळा येतो. काम जड असतं म्हणून नव्हे, ते संपत नाही म्हणून. पूर्वी कॅमेऱ्यात फिल्मचं रीळ असायचं. ते महाग आणि बघता बघता संपणारं, त्यामुळे दिग्दर्शक आधी तालमी करून घ्यायचा आणि मगच कॅमेरा सुरू करायला सांगायचा. आता कार्ड असतं. भरलं की दुसरं घाला. आमचा जळगावचा दिग्दर्शक तर 'राहू द्या चालू, काका' एवढंच म्हणत असतो आणि इकडे कॅमेरा खांद्यावर घेऊन माझी कंबर धरते. माणूस वाईट नाही, पण थांबायचं कुठे हे त्याला कधी शिकावंच लागलं नाही.

गेल्या उन्हाळ्यात धुळ्याजवळच्या एका खेड्यात आम्ही अहिराणी सिनेमा करत होतो. मुलगा कामासाठी सुरतेला निघतो आणि आई फाट्यावर उभी राहून गेलेल्या एसटीकडे बघत राहते, एवढाच प्रसंग. आईच्या कामाला गावातल्याच एक अक्का निवडल्या होत्या. त्यांना बघितलं आणि ओळख पटली. मी कॅमेरामनचा सहायक होतो त्या काळात याच गावात एका सिनेमाचं शूटिंग झालं होतं, तेव्हा विहिरीवरच्या बायकांमध्ये त्या होत्या. सारख्या कॅमेऱ्याकडे बघायच्या. शेवटी मीच त्यांना सांगितलं होतं, 'कर्र असा आवाज आला की काम सुरू करा. आवाज थांबला की रीळ संपलं, सुटलात. मग तुमच्याकडे कोणी बघत नाही.'

अक्कांनी ते इतकी वर्षं लक्षात ठेवलं होतं. दिग्दर्शक 'ॲक्शन' म्हणून म्हणून दमला, तरी त्या जागच्या हलेनात.

"भाऊ, हाई चालू शे का?" त्यांनी मला विचारलं. "आवाज तं येत नही."

हा कॅमेरा मुका असतो हे त्यांना समजावत कोण बसणार? मी जीभ टाळूला लावून तोंडानेच कर्रर्र केलं. सगळं युनिट खो खो हसलं, आवाज टिपणाऱ्याने कपाळावर हात मारला. पण अक्कांनी पदर सावरला, एसटीकडे तोंड केलं आणि असं काही बघितलं की हसणारे गप्प झाले. पहिल्याच खेपेला काम फत्ते झालं होतं. रिळाचे दिवस असते तर आम्ही सामान आवरून जेवायला बसलो असतो.

दिग्दर्शक म्हणाला, "अजून एकदा."

मधल्या चहाला अक्का सहज बोलून गेल्या, "मन्हा मोठा बी सुरतले गया व्हता." तो तिथेच वारला, हे शेजारच्या बाईने हळूच सांगितलं. ते ऐकून मला वाटलं, आता दिग्दर्शक थांबेल. कसलं काय! त्याला अक्कांच्या डोळ्यांत पाणी दिसायला हवं होतं, आणि अक्का तर कोरड्या डोळ्यांनी बघत होत्या. अजून एकदा, अजून एकदा. डांबर तापलं होतं, माझं तोंड सुकलं होतं, आणि अक्कांचे पाय लटपटायला लागले होते. मला त्याचा संताप आला. शॉट चालू असतानाच मी कॅमेरा बंद केला आणि तोंडही.

"रीळ संपलं, अक्का."

"काका, कार्ड अर्धंसुद्धा भरलं नाहीये," तो पुटपुटला.

"पण माझं तोंड दुखलं," मी म्हणालो.

अक्का सुटल्या. समोरच्या निंबाखाली जाऊन बसल्या, चपला काढल्या, तांब्याभर पाणी प्यायल्या. मग इतका वेळ धरून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर आलं. तोंडाला पदर लावून त्या स्वतःशीच म्हणत होत्या, "भाकर तं खाईसन जाता रे..." मी पाठ फिरवली. ते बघणं मला बरं वाटेना.

सिनेमा धुळ्यातल्या एका सभागृहात दाखवला. अक्का नवं लुगडं नेसून माझ्या शेजारी बसल्या होत्या. फाट्याचा प्रसंग आला, एसटी गेली, आणि पडद्यावर एकदम निंबाचं झाड दिसलं. त्याखाली अक्का. चपला, तांब्या, पदर. 'भाकर तं खाईसन जाता रे.' दिग्दर्शकाच्या हातात एक लहान कॅमेरा असायचा. माझा कॅमेरा बंद झाला तरी त्याने तो चालूच ठेवला होता, आणि मला आज कळत होतं. लोक हुंदके देत होते. मागून कोणी तरी टाळ्या वाजवायला सुरुवात केली, मग सगळेच वाजवू लागले.

अक्कांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. त्यांनी माझा हात धरला.

"भाऊ," त्या म्हणाल्या, "रीळ तं सरनं व्हतं ना?"