किन्हीराजात भाडं लागत नाही

व्यापार हा खेळ आमच्या घरात चार अवतारांत आहे आणि त्यातला खरा कोणता, यावर मी कुणाशीही भांडायला तयार आहे. माझा स्वभावच तसा. शाळेत मास्तरीण होते तेव्हा पोरं मला घाबरायची. आता घाबरायला घरात आमचे हे आणि मुलगा एवढेच उरलेत, आणि तेही मनापासून घाबरत नाहीत.

खेळ सगळ्यांना ठाऊक असेल, तरी सांगते. पुठ्ठ्याच्या चारी कडांनी गावांचे चौकोन असतात. फासे टाकायचे, सोंगटी थांबेल ते गाव विकत घ्यायचं, त्याचं कार्ड आपल्यापुढं मांडून ठेवायचं आणि मग तिथं जो थांबेल त्याच्याकडून भाडं वसूल करायचं. गावात घरं बांधली की भाडं वाढतं, हॉटेल बांधलं की समोरच्याचं दिवाळंच निघतं. दुकानात हा खेळ लहान पोरांचा म्हणून मिळतो, पण ज्यानं तो काढला त्याच्या घरात भाऊबंदकी नक्की झाली असणार.

पहिला व्यापार मंगरूळपीरच्या उरुसातून आला. मुलगा तेव्हा प्राथमिक शाळेत होता आणि हे एसटीत कंडक्टर होते. त्या पुठ्ठ्याची घडी नेमकी मोठ्या शहरांवरून जायची, त्यामुळं वर्षभरात शहरांची नावं उडाली. यांनी जुन्या कॅलेंडरच्या कोऱ्या पाठीच्या पट्ट्या कापल्या, खळ लावून चिकटवल्या आणि त्यांवर आपल्या गाडीच्या रस्त्यावरची गावं लिहून टाकली. मुंबईच्या जागी वाशीम आलं. शिरपूर महाग ठेवलं, कारण तिथं बारा महिने यात्रेकरू उतरतात. आणि किन्हीराजा, माझं माहेर, ते यांनी तुरुंगाच्या बाजूला सगळ्यात स्वस्त चौकोनात बसवलं. काहून, असं मी विचारलं. तर म्हणे, तिथं उतरते कोण? मी दोन दिवस यांच्याशी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी किन्हीराजाची पट्टी उचलून शिरपूरच्या शेजारी गेली होती आणि किंमतही चांगली वाढली होती.

मग एकदा असं झालं, की किन्हीराजाचं कार्ड माझ्याकडं होतं, वर दोन घरं बांधलेली, आणि मुलाची सोंगटी येऊन तिथंच थांबली. त्याच्याजवळ भाड्यापुरत्या नोटा नव्हत्या. तोंड एवढंसं झालं त्याचं. हे आपल्या गाडीतल्या आवाजात म्हणाले, की गाडीत बसला तं तिकीट लागते, घे त्याच्याकडून. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, "भाचा मामाच्या गावी गेला तं मामा त्याच्यापाशी भाडं मांगते काय?" तेव्हापासून आमच्या घरात नियमच झाला, की किन्हीराजात भाडं लागत नाही. उलट जो थांबेल त्याला खाऊसाठी दहाची नोट द्यायची. हे तिथं थांबले की जावयाचा मान म्हणून वर वीस मागून घ्यायचे, ते वेगळं. खेळ म्हणून बघितलं तर हा शुद्ध येडेपणा होता. इतक्या किमतीचं गाव घ्यायचं आणि वर पदरचं वाटत बसायचं. मी दरवेळी हरायची, आणि दरवेळी पहिल्यांदा किन्हीराजाच घ्यायची.

दुसरा व्यापार मुलानं नागपूरला शिकत असताना आणला. जाड चकचकीत पुठ्ठा, धातूच्या सोंगट्या, विमानतळ, बंदरं, सोबत नियमांचं पुस्तक. दिसायला देखणा, पण त्यावर खेळताना कुणी हसत नव्हतं. सगळं पुस्तकात लिहिलेलं, मग भांडायचं कशावरून? तिसरा फोनमधला. त्यात भाडं आपोआप कापलं जातं. यांना पाचशेची नोट सतरंजीखाली सरकवून कंगाल झाल्याचं नाटक करायची सवय. फोनमध्ये ते जमेना, म्हणून एका डावातच त्यांनी फोन बाजूला ठेवला आणि असल्या खेळात काही राम नाही म्हणून सांगितलं.

चौथा व्यापार सुनेसोबत आला.

मागच्या हिवाळ्यात मुलाचं लग्न झालं. सून सांगलीकडची. दोघं पुण्यात एकाच ठिकाणी कामाला होते, तिथंच जमलं. लग्नानंतर दोघांनी लॅपटॉपवरचं काम घरूनच करायचं ठरवलं आणि आमच्याकडं राहायला आले. सुनेची आई ती लहान असतानाच गेलेली. घरात बाप आणि लेक दोघंच. तिच्या सामानात जुन्या साडीत गुंडाळलेला एक खोका निघाला, तो व्यापारचा. वडिलांनी पुठ्ठ्याच्या कडांना कापडी पट्टी शिवून घेतली होती. नोटा तर इस्त्री केल्यासारख्या सरळ. तिनं मला त्यांचे नियम सांगितले. उधारी नाही. दया नाही. कार्डांची अदलाबदल चालते, पण एकदा केली की परत मागायची नाही. दर रविवारी दुपारी बाप-लेक समोरासमोर बसायचे आणि एक जण पुरता कंगाल होईपर्यंत उठायचे नाहीत. मला ऐकून तो बाप कडक वाटला. आई नसलेल्या पोरीशी असं खेळतात काय, असं माझ्या मनात आलं.

म्हणून मी तिला आणखीच जपायला लागले. भाकरी मी थापायची, चहा मी करायची, तिचा कप विसळायलासुद्धा तिच्या हाती जाऊ द्यायची नाही. शेजारणी म्हणायच्या, की अशी सासू लागायला नशीब लागते. मला ते ऐकून बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू. सून हसून थँक्यू म्हणायची आणि खोलीत लॅपटॉपसमोर जाऊन बसायची.

रविवारी आम्ही चौघं खेळायचो. आमचाच पट्ट्या चिकटवलेला व्यापार, कारण यांचा हट्ट. तिथंही आमचं तेच. किन्हीराजातच काय, तिला कुठंच भाडं लागायचं नाही. तिची सोंगटी माझ्या वाशीमवर थांबली की मी दुसरीकडं बघायची. यांच्या शिरपूरवर थांबली की हे म्हणायचे, राहू दे, नवीन आहे. ती स्वतःहून नोटा मोजून मध्ये ठेवायची आणि आम्ही त्या परत सारायचो. त्यामुळं प्रत्येक डाव तीच जिंकायची. आणि प्रत्येक डावानंतर ती जास्तच गप्प व्हायची. जिंकून कुणी उदास होतं का? मला तर काही उलगडाच होईना.

श्रावण लागायच्या आधी एका सकाळी मुलगा माझ्यामागं स्वयंपाकघरात येऊन उभा राहिला. पंचमीला सुनेचे वडील तिला न्यायला येणार होते, ते ठरलेलंच होतं. तो म्हणाला, की ती दिवाळीपर्यंत तिकडंच राहणार आहे. काम काय, लॅपटॉपवरचं, इथून काय आणि तिथून काय. पंचमीला माहेरी गेलेली पोर दिवाळीपर्यंत राहते म्हणजे काय, हे कुणी कुणाला समजावून सांगायची गरज नसते. मी पोरावरच उखडले. तू काय केलं तिले, असं विचारलं. तो म्हणाला, की आमच्या दोघांचं भांडणही झालेलं नाही. ती फक्त म्हणते, की तिला इथं राहिल्यासारखं वाटत नाही. तेवढं सांगून तो निघून गेला आणि माझ्या हातातली भाकरी तव्यावर करपली. एवढं जपूनही पोर राहत नाही, म्हणजे आता माणसानं करायचं तरी काय?

वडील गुरुवारी येणार होते. त्याआधीच्या रविवारी दुपारी मीच सतरंजी अंथरली आणि पट मांडला. खेळायचं कुणाच्याच मनात नव्हतं, तरी सगळे बसले. वाशीमवर माझं हॉटेल होतं. थोड्या वेळानं सुनेची सोंगटी येऊन तिथंच थांबली. मी नेहमीसारखा हात हलवला आणि म्हटलं, राहू दे बाई.

तिनं फासे खाली ठेवले.

"आई, तुम्ही बाबांकडून भाडं घेता, यांच्याकडूनही घेता. माझ्याकडूनच का नाही घेत?"

"तुह्याकडून कायले घेऊ? तू कालची आलेली."

"तेच," ती म्हणाली. "आमच्याकडं पाहुण्यांच्या मुली खेळायला बसल्या, की पप्पा त्यांना सोडायचे. मला कधीच नाही सोडलं. मी रडायचे, तरी पूर्ण भाडं घ्यायचे. इथं मला सगळे सोडतात. मी अजून किती दिवस पाहुणी राहू?"

हे सोंगट्या नीट लावत बसले, मुलगा माझ्याकडं बघत होता. मला आधी रागच आला. एवढं केलं त्याचं हे फळ, असं वाटलं. तोंडात तिखट शब्द आलेही होते. मग मला तिचा तो कप आठवला, मी रोज तिच्या हातून ओढून घ्यायची तो. मी पोरीचे लाड करत होते आणि ती बिचारी रोज मोजत होती, की आपण या घरच्या कधी होणार. माझे डोळे भरून आले. रडत बसले असते तर तिला पुन्हा माझीच समजूत काढावी लागली असती, म्हणून मी पदरानं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"काढ. हॉटेलासकट सारं भाडं काढ. एक रुपया कमी चालणार नाई."

तिनं मोजून दिलं. निम्म्याहून जास्त नोटा गेल्या तिच्या. आणि मग ती पोर जी खेळायला लागली, बावा! इतके दिवस हिच्यात हे कुठं लपलं होतं कोण जाणे. यांची सतरंजीखालची नोट तिनं काढायला लावली. मुलाची दोन गावं गोड बोलून घेतली. मग माझ्याकडं वळली आणि त्याच दोन गावांच्या बदल्यात किन्हीराजा मागितलं. दोन्ही गावं वाशीमला लागून होती, त्यामुळं मला मोह पडला आणि मी कार्ड देऊन बसले. थोड्या वेळानं माझी सोंगटी किन्हीराजात जाऊन थांबली. मी निर्धास्त. तिनं तळहात पुढं केला.

मी म्हटलं, अगं, किन्हीराजात भाडं लागत नाही.

"तुमचं माहेर आहे, माझं नाही," ती म्हणाली. "भाडं काढा."

हे इतके हसले, की त्यांना ठसका लागला. मी खूप आरडाओरडा केला. वीस वर्षांचा नियम आहे, कालची आलेली पोर मोडते काय, सगळं बोलून घेतलं. ती हात मागं घेईना. माझ्या माहेरच्या गावात मी माझ्या सुनेला भाडं भरलं, आणि खरं सांगते, त्या दिवशी मला ती पहिल्यांदा इतकी आवडली.

पण मीही मास्तरीण आहे. आवळा देऊन कोहळा काढणाऱ्या पोरी मी आयुष्यभर सांभाळल्यात. ती दोन गावं घेऊन मी वाशीमच्या आसपास अशी हॉटेलं बांधली, की तिला सुटायला वाटच उरली नाही. एकेक घर विकायला लावलं, एकेक कार्ड घेतलं. मुलगा मध्येच म्हणाला, की आई, आता बस कर. तर तीच त्याच्यावर ओरडली, की तुम्ही मध्ये पडू नका. शेवटी तिच्यापुढं एकही नोट राहिली नाही. ती तोंड फुगवून उठली, फोन घेतला आणि मागच्या अंगणात गेली.

मी स्वयंपाकघरात भांडी घासायला बसले. खिडकी उघडीच होती.

"पप्पा, हरले," ती सांगत होती. "पूर्ण हरले. आईंनी एक नोट ठेवली नाही माझ्याकडं. अहो, हसताय काय? रडत नाहीये मी. आणि ऐका, दिवाळीपर्यंतचं राहू दे. पंचमी झाली की मला लगेच परत आणून सोडा. पुढच्या रविवारी मी घरी नसले, तर ही बाई मला आयुष्यभर बोलून दाखवेल."

मी हातातलं पातेलं मुद्दाम जोरजोरात घासायला लागले, म्हणजे मी ऐकलं हे तिला कळू नये.