चौथी गाडी

ब्याण्णव वर्षांचा माणूस केअर होमच्या कॉरिडॉरमध्ये तोंडाने मोटारसायकल चालवतोय, हे पाहून तुम्हीही हसला असतात. मी तर पहिल्या दिवशी बाथरूममध्ये जाऊन हसले.

रोज चहाच्या वेळी ते घरून इथे बायकोच्या दाराशी यायचे, काठी हँडलसारखी आडवी धरायचे, डावा पाय पुढे टाकायचे आणि सुरू, "ढर्रर्र! ढर्रर्र!" आत आजी दाराकडे पाठ करून बसलेल्या. त्या बोटं उघडायच्या, "चार. आले सगळे," म्हणायच्या आणि मगच वळायच्या. मुलांची नावंही विसरलेली ती बाई त्यांच्याकडे बघून असं हसायची की मला हातातला ट्रे खाली ठेवावा लागे.

लंडनमधल्या हॅरोच्या त्या होममध्ये मी केअरर. मनातल्या मनात मी त्यांना आजोबाच म्हणायचे. तरुणपणी ते स्पीडवेचे, म्हणजे मोटारसायकल शर्यतीचे रायडर. राखेचा गोल ट्रॅक, चार गाड्या, चार फेऱ्या.

"आणि ब्रेक?" मी विचारलं.

"ब्रेक नसतोच, लव्ह. लावला तर मागचा अंगावर येईल ना!"

पोलादी तळाचा डावा बूट घासत फक्त डावीकडे वळायचं. सवय इतकी की जेवायला थांबला की डायनिंग रूम उजवीकडे असूनही हा माणूस डावीकडून अख्खा मजला फिरून यायचा. तोवर सूप गार.

बायकोला शर्यत बघवायची नाही. ती कुंपणाशी ट्रॅककडे पाठ करून उभी राहायची आणि शेवटी परतणाऱ्या गाड्यांचे आवाज बोटांवर मोजायची. चार झाल्या की वळायची.

एकदा तीनच झाल्या. वळणावर पडून त्यांच्या खांद्याचं हाड मोडलं होतं. ती वळलीच नाही, तीन बोटं उघडून तशीच उभी.

"स्ट्रेचर सोडून पळालो," ते म्हणाले. "तिच्यामागे जाऊन तोंडानेच गाडी काढली. वळली, हसली आणि मग जी रडायला लागली! त्यानंतर मी गाडीवर बसलो नाही. तिला पुन्हा तसं उभं करायचं नव्हतं."

मग चहाचा कप खाली ठेवत हळूच म्हणाले, "एक दिवस ती वळणार नाही. मला भीती वाटते ती तेवढीच."

मार्चमध्ये ते घरी झोपेतच गेले. आजींना आम्ही सांगितलं. त्यांनी मान हलवली, रडल्या आणि विसरल्या. दुसऱ्या दिवशी चहाच्या वेळी पुन्हा दाराकडे पाठ. तिसऱ्या दिवशीही. चहा समोर गार व्हायचा.

आठवडाभराने मला राहवेना. कॉरिडॉरमध्ये कोणी नाही असं बघून मी दाराशी उभी राहिले, डावा पाय पुढे टाकला आणि लाज सोडून आवाज काढला. तो शेवटी रडण्यासारखाच निघाला.

आजींनी हात वर केला. एक, दोन, तीन बोटं उघडली.

"तीन झाल्या, लव्ह," त्या न वळताच म्हणाल्या. "थांब जरा. त्याची यायचीय अजून."